आम्ही जिंकलो त्याची हकीकत

कौनस, ६ नोव्हेंबर

माननीय मेहुणेसाहेब झिग्मास यांस,

कौनसहून फेलिक्सासचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? विल्नियसची हवा गुडघ्यांना मानवत नाही (तुमच्या संघाचे खेळाडू पाहिले की कळतंच). माझी तब्येत उत्तम. भूक उत्तम, झोप उत्तम. तुमच्या बहिणीला, ब्रोनेला, जाऊन पाच महिने होतील. तिच्या शवपेटीपाशी तुम्ही मला खोटारडा म्हणालात, त्यानंतर आपण बोललेलो नाही, तेही ठीकच चाललंय.

पत्राचं कारण एवढंच, की ऑक्टोबरात आम्ही तुम्हाला बास्केटबॉलमध्ये झोडपलं, ते कुणीतरी लेखी कळवायला हवं. टीव्हीपुढे मी माझ्या खुर्चीत, आमच्या संघाचा हिरवा स्कार्फ घालून बसलो. ब्रोनेची खुर्ची रिकामी. लसूण चोळून तळलेला काळा पाव सवयीने दोघांचा केला होता. आमच्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: ज्याचा संघ हरेल त्याने दुसऱ्या दिवशी सेपेलिनाईच्या गोळ्यांसाठी तीन किलो बटाटे किसायचे. (पंचवीस वर्षं या बाईने कौनसचं पाणी पिऊन तुमच्या लाल संघाचा जयघोष केला, शेजारी माझी कीव करायचे.) तर आम्ही सतरा गुणांनी जिंकलो. मी हात वर करून उठलो आणि तिच्या खुर्चीला विचारलं, आता बटाटे कोण किसणार? दुसऱ्या दिवशी जिंकलेल्यानेच किसले. इतका मानहानीकारक विजय मी आजवर पाहिलेला नाही. बटाट्याने डोळ्यांत पाणी येत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून सरळच सांगतो, मी रडलो.

मग मृतांचा दिवस आला. कबरीवर लावायचे दिवे दुकानांत लालच जास्त. मी चार दुकानं पालथी घालून हिरव्या काचेचे सहा मिळवले, तिच्या कबरीवर ओळीने लावले. शेजारच्या कबरीवर नवऱ्यासाठी शेवंती घेऊन आलेल्या स्तासेबाई बघत होत्या.

"फेलिक्सास, जन्मभर तिला छळलंस," त्या म्हणाल्या, "आता तरी पुरे कर."

मी सांगितलं की दफनभूमी कौनसात आहे, म्हणजे मैदान आमचं. त्यांनी वाद न घालता स्वतःजवळचा एक लाल दिवा माझ्या हातात कोंबला. आमच्या संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाचे अध्यक्ष दोन ओळी पलीकडे आपल्या आईच्या कबरीपाशी उभे होते, म्हणून मी तो पेटवून ब्रोनेच्या कबरीवरच्या फुलांच्या कुंडीमागे लपवला. थोड्या वेळाने वारा सुटला. माझे सहाही विझले. कुंडीच्या आडोशाचा लाल तेवढा जळत राहिला. अध्यक्षांनी पाहिलं, टोपी काढली आणि ते निघून गेले.

असो. गुडघा शेकत जा.

हरलेल्यांविषयी यथायोग्य आदर बाळगणारा,
फेलिक्सास

ता.क. तेवीस तारखेला रविवारी पुन्हा सामना आहे. या. कोणीही जिंको, बटाटे मी किसेन.

पुन्हा ता.क. शवपेटीत ठेवायला तुम्ही तिचा लाल स्कार्फ शोधत होता आणि मी सापडत नाही म्हणालो, तेव्हा तो माझ्या कोटाच्या आत होता. तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं. आलात की तो गळ्यात घालून तिच्या खुर्चीत बसा आणि मला मनसोक्त शिव्या द्या. घरात फार शांतता आहे.

आणखी एक. जाताना स्कार्फ खुर्चीवरच ठेवून जा. मी तो अजून धुतलेला नाही.