उजवीकडे एक, डावीकडे दोन

प्रिय ठमे,

फोनवर तुझी आई माझं बोलणं मध्येच तोडते, म्हणून लिहितोय. पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागव.

गेल्या सोमवारी जावईबापू गाडी सोडून गेले. म्हणाले, मागून घुईऽऽ असा आवाज येतो. काम कुठे करून घेतलंत, तर म्हणे एका ओळखीच्या ठिकाणी. कुठली ओळख विचारलं, तर घड्याळ बघत निघालेच. साधा पंखा बिघडला तरी अर्धा तास समजावून सांगणारा माणूस दोन वाक्यांत पळाला. माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाडी मागून उचलली आणि डावं चाक हाताने फिरवलं. अशा वेळी उजवं चाक उलटं फिरायला हवं. ही गाडी मीच वापरून तुम्हाला दिली, मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा तिचा डिफरन्शियल मीच एकदा खोलला होता, मला माहीत नाही तर कुणाला? पण उजवं चाक मुकाट त्याच दिशेला फिरलं. म्हणजे कुणीतरी साधा डिफरन्शियल काढून लिमिटेड-स्लिप बसवलाय, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा. भाजी आणायला तो कशाला लागतो? तो लागतो खडीच्या ट्रॅकवर शर्यत मारणाऱ्याला.

जावईबापू तुझ्यापासून लपवून जिवाशी खेळतायत, असं मी ठरवूनच टाकलं. खोटं नाव सांगून त्यांच्या ऑफिसात फोन केला. रविवारी ऑफिस बंद असतं म्हणे. आणि दर रविवारी तू मला सांगतेस की हे कामावर गेलेत.

मग डिफरन्शियलचं कव्हर खोललं, तर आत लाल नेलपॉलिश! घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर बारीक रेघ. कुठला मेकॅनिक खिशात नेलपॉलिश बाळगतो? माझं डोकंच फिरलं. कुणी बाई आहे, तिला पाने धरता येतात आणि जावईबापू तिचं नाव लपवतायत. तुझ्या आईला सांगितलं, तर ती गालातल्या गालात हसली. तिचाही संशय आला.

आवाजाचं कारण सापडलं. बेअरिंगं धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी टोप्या असतात, दिसायला सारख्या, पण डावी डावीकडेच बसायला हवी. नाहीतर बेअरिंग तापतं आणि एखाद्या दिवशी भर वेगात जाम होतं. घोटाळा नको म्हणून मी तेव्हा पंचने डाव्या टोपीवर एक ठिपका केला होता, उजवीवर दोन. ही रीत फक्त आपल्या गॅरेजची, परका माणूस त्या ठिपक्यांकडे बघणारही नाही. इथे मात्र टोप्यांची अदलाबदल झालेली, आणि शेजारच्या लोखंडावर त्यांना जुळणारे नेलपॉलिशचे ठिपके. उजवीकडे एक, डावीकडे दोन. रीत आपलीच, पण नेमकी उलटी.

माझ्या कामाच्या टेबलापलीकडे स्टूल टाकून, मांडीवर गृहपाठाची वही घेऊन, वर्षानुवर्षं कोण बसायचं, ठमे? तुझ्या दादाला मी माझ्या बाजूला उभं करून हातात पाना दिला. त्याने तो कधी मनापासून धरला नाही. तू मागितलास तेव्हा हात काळे होतील म्हणून तुला हाकललं. माझं डावं ते तुला समोरून उजवं दिसायचं. तरी तू सगळं शिकलीस. बाकीचं काम इतकं स्वच्छ आहे की मला माझी लाज वाटली.

म्हणजे रविवारी शर्यतीत तू उतरतेस ना? मला भीती वाटते, त्यावर आपण भांडू. जावईबापूंची माफी मी मागेन. पण त्या टोप्यांची जागा मी बदललेली नाही, बदलणारही नाही. नवी बेअरिंगं आणलीयत, डिफरन्शियल टेबलावर काढून ठेवलाय. चूक तुझ्या हातून झाली, पण ती माझी आहे. हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून हे पत्र. रविवारी ये, टेबलाच्या माझ्या बाजूला उभी राहा आणि काम पुरं कर. समोरच्या स्टुलावर मी बसतो.

हट्टी, संशयी, पण तुझाच
बाबा