सातवी कुंडी

३ मार्च
आज सव्वानऊला तिने माझ्या हातात मापाचा पेला दिला आणि माझं वाटोळं झालं! कॉलेजात शेजारच्या बाकावर बसायची. मी दुसऱ्या वर्षाला मास्तरांशी भांडून बाहेर पडलो. ती संशोधक झाली — आणि मी तिच्याच काचघरात रोजंदारीवर. "अरे, तू इथे?" म्हणाली. एवढंच.

४ मार्च
निलगिरीच्या रोपांच्या दोन रांगा. एकीला नायट्रेट, दुसरीला अमोनियम. नत्र दोघींना सारखंच, फक्त रूप वेगळं. पाणी मुद्दाम तोकडं. रोज सकाळी कुंडीचं वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं रोप प्यालं. तेवढंच परत ओतायचं, लिहायचं. कमी पाण्यात जास्त कोण वाढतं, ते बघायचंय.
बाबा म्हणाले, "शाब्बास! झाडांना पाणी पाजायला कॉलेज सोडलंस होय!"

२१ मार्च
अमोनियमच्या रांगेने माना टाकल्या. ती उकिडवी बसून बघत होती. "ही रांग गेली तर माझी तीन वर्षं मातीत." डोळे भरलेले.
दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्या रांगेत एकेक पेला जादा ओतला. तिथल्या नोंदीत नाही. इथे लिहितो.

२२ मार्च
एकेक पेला.

२३ मार्च
एकेक पेला. सातव्या कुंडीत दोन — तिची लाडकी.

९ मे
रोज ओततोय. रांग तरारली! आणि कागदावर ती पाणी पितच नाही — वजन घटणार कसं, मीच भरून ठेवतो! तिचे सर खूश: "कमी पाण्यात दुप्पट वाढ! परदेशात जाऊन मांड हे." मग माझ्याकडे वळून, "पाणीवाले, खुर्च्या लावा." ती हसली. त्यांच्याबरोबर!

१० मे
सांगावं तर ती बुडते. गप्प बसावं तर उद्या कोणीतरी या आकड्यांच्या भरवशावर रान लावेल आणि उभं वाळवेल.

१२ मे
सांगितलं. सगळं.
ती वजनकाटा पुसत राहिली. मग म्हणाली, "माहितीये. चोवीस मार्चला सातवी कुंडी आदल्या दिवसापेक्षा जड भरली. रोप पाणी पितं रे, तयार करत नाही. तो आकडा मी खोडला."
"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"
"तू ओतायचं थांबवलं असतंस."

१३ मे
कोणत्या दिवशी किती पेले — सगळं या वहीत आहे. सरांच्या टेबलावर ठेवणार होतो. तिच्याच टेबलावर ठेवतोय, उघडी. जाळायची की दाखवायची, तिचं ती बघेल.
सातव्या कुंडीला आज मापातलंच पाणी दिलं.
निघालो. जाताना दार ओढून घेईन.