ईराच्या आजाराचे उंदीर

ॲन आर्बर, नोव्हेंबर २००५, मंगळवार संध्याकाळ

आज ऑफिसात ईराच्याच आजाराचे उंदीर माझ्या वाट्याला आले. म्हणजे त्यांच्यावरचा पेपर आला. प्रयोगशाळांतल्या उंदरांच्या जीन्सवरचं संशोधन वाचायचं आणि आमच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये भरायचं, हीच माझी नोकरी. पण जीनचं नाव वाचलं आणि हात थांबला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या रिपोर्टमध्ये हेच नाव दाखवलं होतं.

"हा मी करते, तू घरी जा," शेजारची लिंडा म्हणाली. तिला सगळं माहीत आहे. मी नको म्हटलं. का? दुसऱ्या कुणी लिहिलेलं नको होतं बहुतेक.

टाइप केलं. आधी मागचे पाय कमजोर होतात, मग उभं राहता येत नाही. आधी पाय, हे तर मी पेपर न वाचताही सांगितलं असतं. शेवटी आयुर्मान. तो आकडा इथे लिहिणार नाही. तिथे भरला, सेव्ह केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आले तर ईरा सोफ्यावर ब्लँकेट घेऊन बसली होती. नऊ वर्षांची पोर. रोजच्यासारखं विचारलं, "आई, हाऊ आर युअर माइस?"

"आज नवीन आलेत. तुझ्यासारखे, पाय दुखणारे." तोंडातून निघूनच गेलं.

"आर दे गेटिंग बेटर?"

"अजून नाही गं."

तिनं ब्लँकेट उचलून मला आत घेतलं. "इट्स ओके, आई," म्हणत माझी पाठ थोपटत राहिली. मी थोपटून घेतलं.