नात्याचा रकाना

२ फेब्रुवारी १९९९, मंगळवार

सकाळी स्टँडवर ड्यूटी. फलाटाच्या टोकाच्या बाकावर एक म्हातारी. कंट्रोलर म्हणाला, कालपासून तिथंच आहे, किती गाड्या गेल्या, उठत नाही. साठी-पासष्टीची. हिरवं लुगडं, पायात चप्पल नाही, गाठोडं नाही. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. चहा दिला तर दोन्ही हातांनी धरून प्यायली आणि रिकामा कप पदरानं पुसून परत दिला.

वेडी बाई कप पुसत नाही, हे माझं मत. जाधवमामांचं वेगळं. मामा आमच्या ठाण्याचे हवालदार, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, सगळ्या दुखण्यावर एकच औषध: कोर्टात हजर करायचं आणि मोकळं व्हायचं.

उजव्या हाताची बोटं सारखी चालतात तिची. मामा म्हणाले, जप करती, माळकरी असंल.

३ फेब्रु., बुध.

डॉक्टरांनी तपासलं. कान चांगले, जीभ चांगली. बोलत नाही एवढंच.

तिथून महिला कक्षात नेलं. दोन खोल्या, एक बाकडं, बाकड्यावर भांडून आलेले नवरा-बायको. मी पहिल्यांदाच आत बसले. फौजदार मॅडम समोर शिरोली एमआयडीसीतला एक दांडगा गडी. बायकोला मारतो. मॅडमचा आवाज मला तीन फुटांवरून नीट ऐकू येत नव्हता, इतका हळू. पंधरा मिनिटांनी तो गडी रुमाल शोधायला लागला. काय बोलल्या ते कळलं नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला ओरडायला शिकवलं, हे कुणी शिकवलंच नाही.

मॅडमनी म्हातारीला आधारगृहात जागा मिळवली, पण पुढच्या शुक्रवारपर्यंतच. १२ तारखेला मॅजिस्ट्रेटपुढं. नातेवाईक मिळाले तर घरी. नाही मिळाले तर मनोरुग्णालय.

मी म्हटलं, मॅडम, ती वेडी नाही. म्हणाल्या, "माहितीये. पण गप्प राहणाऱ्या माणसाला ठेवायला सरकारकडं दुसरी खोली नाही. नऊ दिवस आहेत, शिंदे. लाग कामाला."

मी! नोकरीला आठ महिने, अजून पट्टा आवळताना स्वतःचंच हसू येतं.

४ फेब्रु., गुरु.

नियंत्रण कक्षात गेले. शंभर नंबर फिरवला की फोन वाजतो ती खोली ही. एकाच वेळी तिघं बोलतात आणि कुणाचा शब्द कुणात मिसळत नाही. एका बाईला फोनवर घरातला गॅस बंद करायला सांगत होते, दुसरीकडं कागल रोडला उसाची ट्रॉली उलटलेली, मध्येच एक आजोबा नुसतं किती वाजले विचारायला. त्यांनाही वेळ सांगितली, रागावलं कुणी नाही.

बिनतारीवाल्यानं माझा कागद घेतला. वर्णन पाच ओळींचं: रंग सावळा, बांधा सडपातळ, डाव्या कोपराजवळ गोंदण, तुळशीवृंदावनाचं. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, झालं, आता सगळ्या महाराष्ट्राला कळलं. गडचिरोलीला पण? गडचिरोलीला पण.

माझ्या हातचं अक्षर, त्यात दोन चुका, आणि गडचिरोलीपर्यंत! माझे वडील गारगोटीच्या पलीकडं कधी गेले नाहीत. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का.

५ फेब्रु., शुक्र.

दोन उत्तरं. साताऱ्याची हरवलेली बाई उंच आणि गोरी. नांदेडची परवाच घरी आली, स्वतःच्या पायांनी. बाकी महाराष्ट्र गप्प, म्हातारीसारखाच.

मामा म्हणाले, "अगं, रोज एक म्हातारी हरवती. समद्यांच्या मागं लागलीस तर तूच हरवशील." चिडवतात, पण आज जाताना आधारगृहात देण्यासाठी माझ्या हातात केळ्यांचा घड दिला. कुणाला सांगू नको म्हणाले.

६ फेब्रु., शनि.

आजचं नीट लिहायला पाहिजे.

मुख्यालयात बोलावलेलं, म्हातारीचे बोटांचे ठसे घ्यायला. मैदानावर बँडची तालीम चाललेली, पलीकडं श्वानपथकाची कुत्री पंख्याखाली. मला वाटायचं पोलीस म्हणजे काठी, शिट्टी आणि बंदोबस्त. इथं एक माणूस दिवसभर तुतारी घासून पुसतो, त्याचाही पगार पोलिसाचाच.

ठशांच्या विभागात मुजावरसाहेब. बारीक, वाकलेले, जाड चष्मा. म्हणाले, रेकॉर्डवर हिचे ठसे असायचे कारण नाही, हिनं काय दरोडा घातलाय? पण आणलीयस तर घेऊ. शाई लावायच्या आधी तिचा हात उजेडात धरला आणि मग ठेवलाच नाही खाली. अंगठा बघितला, पहिलं बोट बघितलं, नखाजवळ वास घेतला. मग तिची बोटं हलायला लागली तशी स्वतःचा हात तिच्या हाताखाली धरून नुसते बघत राहिले. 

म्हणाले, "जप न्हवं ह्यो, पोरी. बाई विडी वळतीया."

आणि मला दिसलं! पान धरलंय, तंबाखू पसरली, गुंडाळलं, टोक दाबलं, दोऱ्याचा वेढा. परत पहिल्यापासून. पाच दिवस मी ते बघत होते आणि मला दिसत नव्हतं.

अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्यात, दोन्ही हातांच्या. साहेब म्हणाले, चाळीस वर्षं तरी वळत असणार. फौंड्रीतल्या माणसाचा सगळा तळवा वाळूनं झिजतो, ऊसतोड्याच्या डाव्या हातावर कोयत्याच्या खुणा असतात, विडीवालीची बोटांची टोकं जातात. असं म्हणत ते हातांबद्दल बोलत राहिले आणि मी माझा हात मागं लपवला, का कुणास ठाऊक. ठसे घ्यायला गेलो तर अंगठ्याच्या जागी कागदावर नुसता काळा ठिपका. ओळख पटवायच्या खात्यात हिची ओळख या पुसलेपणानंच लागली. मी साहेबांना नमस्कार केला, पाया पडून. युनिफॉर्ममध्ये पडत नाहीत म्हणे.

विडी म्हणजे निपाणी. इथून चाळीस किलोमीटर, कागल ओलांडलं की आलंच. पण ते कर्नाटकात. आमचा निरोप राज्याच्या हद्दीतच फिरला. गडचिरोलीला कळलं आणि निपाणीला नाही.

७, रवि.

सुट्टी. कपडे धुतले. डोक्यात तीच बोटं.

८ फेब्रु., सोम.

मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या राज्याला पत्र वरून जाणार, वरूनच येणार, तोवर शुक्रवार होऊन जाईल. वरच्या साहेबांना फोन करून त्यांनीच परवानगी काढली. "साध्या कपड्यात जा. चौकशी म्हणू नकोस, पाहुणी म्हणून जा."

गेले. दुपारी बायका वळलेल्या विड्या घेऊन द्यायला येतात तिथं उभी राहिले, म्हातारीचा फोटो हातात घेऊन. मिनिटात पन्नास बायकांचा गराडा. मराठी, कानडी, दोन्हीची खिचडी. फोटो या हातातून त्या हातात, तंबाखूनं पिवळा झाला. कुणी ओळखेना. "पावणं, आमच्यातली न्हाय ही" असं एकीनं सांगितलं तेव्हा रडूच यायला लागलं, पाहुणी असून.

मग एक चाळिशीची बाई, काशव्वा नावाची, तिनं फोटो घेतला आणि दिलाच नाही. बराच वेळ बघत होती. कुठं आहे ही, कशी आहे, खाती का, एवढंच विचारलं. बुधवारी येतो म्हणाली. तिची आई तीन वर्षांपूर्वी यल्लम्माच्या डोंगरावर जत्रेत हरवली, हे दुसऱ्या बाईनं सांगितलं.

सापडली! परतीच्या एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसाला पण सांगितलं मी.

१० फेब्रु., बुध.

काशव्वा आली. बरोबर पिशवी. मी आधारगृहाच्या दारात, मॅडम माझ्यामागं. आता मिठी मारतील, रडतील, असं सगळं मनात ठरवून ठेवलेलं.

काही नाही. काशव्वा तिच्याशेजारी खाली बसली. पिशवीतून सूप काढलं, म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. भिजवून कापलेली पानं, तंबाखू, दोरा. म्हातारीनं सुपाकडं बघितलं, मग एक पान उचललं.

काय ते हात! बघता बघता विडी तयार, मग दुसरी, मग पंधरावी. सगळ्या एकसारख्या, जणू साच्यातून पडल्यात. आधारगृहातल्या बायका येऊन उभ्या राहिल्या, स्वयंपाकीण भाकरी तव्यावर टाकून आली, करपली भाकरी. म्हातारीचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मॅडमचे डोळे भरले. माझे तर आधीच.

मी काशव्वाला बाहेर नेऊन म्हटलं, आई सापडली तुमची. तिनं मान हलवली.

"माझी आई न्हवं ही. फोटोतच कळालं हुतं. विडीचं तोंड मिटायची तऱ्हा बी आमच्याकडली न्हाय. लांबची कुठली तरी हाय." आणि मग, "पर मी नेतो हिला."

 मी म्हटलं, तुमच्या घरी कोण कोण? म्हणाली, दोन लेकी, दोघी वळतात, तिघींच्या जोडीला चौथी.

११ फेब्रु., गुरु.

ताब्यात देण्याचा फॉर्म समोर आहे. नाव: माहीत नाही. वय: अंदाजे ६५. ताब्यात घेणाऱ्याचं नाव: काशव्वा. संमती: अंगठा. त्याच्याखाली "नाते".

मामा माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "मुलगी म्हणून लिव्ह आणि मोकळी हो. कोण बघायला येतंय?" मामांचं चुकलं असंही मला वाटेना. पाच अक्षरं... छे, मुलगी, तीनच. तीन अक्षरांत म्हातारी घरी. खरं लिहिलं तर मनोरुग्णालय. बोलत नाही म्हणून तिथं घालतील आणि तिथल्या कोपऱ्यात ती विडी वळत बसेल, आणि लोक म्हणतील बघा, वेडी.

पेन टेकवलं होतं. "मु" काढला पण.

मग वाटलं, उद्या हिचा खरा मुलगा नाही तर मुलगी, लांबची कुठली तरी, फोटो घेऊन एखाद्या ठाण्यात उभी राहिली, तर वहीत बघून सांगतील, ती नव्हे, त्या बाईला तिची मुलगी घेऊन गेली. शोध तिथंच संपला. माझ्या तीन अक्षरांनी.

फॉर्म फाडला. दुसरा घेतला, नात्याचा रकाना रिकामा ठेवला आणि मॅडमकडं जाऊन सगळं सांगितलं, "मु" सकट.  मॅडम रागावतील असं वाटलेलं. त्यांनी फक्त विचारलं, काशव्वा कोर्टात हे स्वतःच्या तोंडानं सांगेल का? मी म्हटलं, सांगेल. मग म्हणाल्या, तर तसंच जाऊ. मॅजिस्ट्रेट काय करतील, ते मलाही माहीत नाही.

मुजावरसाहेबांनी स्वतःहून एक पान लिहून पाठवलंय. बाईच्या हातांबद्दल. हात कामात आहेत, भान शाबूत आहे, असं. कुणी मागितलं नव्हतं.

१२ फेब्रु., शुक्र.

कोर्टाच्या आवारात, पिंपळाच्या कट्ट्यावर बसून लिहितेय. पावणेदोन.

अकराला पुकारा झाला. म्हातारी, काशव्वा, मॅडम, मी. मामा रजेवर असून आले, मागं उभे राहिले, कुणाला दिसू नये अशा बेतानं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला, मुजावरसाहेबांचा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग फॉर्म. बोट रिकाम्या रकान्यावर.

काशव्वाला विचारलं, ही तुमची कोण?

"कोण न्हाय, साहेब."

मग कशासाठी नेता?

काशव्वा जरा थांबली. मला वाटलं घाबरली. घाबरली नव्हती, शब्द लावत होती.

"साहेब, माझी आई तीन वरसं झाली सापडंना. तिला बी कुठंतरी कुणीतरी घरात घेतलं असंल, जेवाय घालत असंल, अशी समजूत करून मी जगतो. आता हिला डोळ्यानं बघून मागारी गेलो, तर ती समजूत मोडती की."

 कारकून लिहायचा थांबला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मॅडमना विचारलं, बाईचा शोध चालू ठेवाल का? मॅडम म्हणाल्या, ठेवू. काशव्वाला विचारलं, हिचं माणूस आलं तर द्याल का? काशव्वा म्हणाली, "त्याच दिवशी. आणि माझ्या आईला बी कुणी असंच द्यावं."

कायद्यात बसतं का ते बघतो, जेवणानंतर हुकूम देतो, असं म्हणून साहेब उठले.

इतके महिने मला वाटायचं, खातं मोठं आहे. बिनतारी, ठसे, बँड, कुत्री, केवढा हा पसारा. आणि त्यातल्या कुणालाच जे सुचलं नाही ते निपाणीच्या एका बाईला सुचलं, तेही आम्हाला विचारून, कोर्टात उभं राहून. मला तिच्याकडं बघवत नाही, इतकी मोठी वाटते. समोरच बसलीय, भाकरीचा तुकडा मोडून म्हातारीच्या हातात देतीय.

म्हातारीनं आत्ता अर्धी भाकरी तिला परत दिली.

अडीच. शिपाई दारात आलाय, आमचा नंबर पुकारतोय. मामा सगळ्यांच्या आधी उठले. जाते.