चांगला नमुना

नवघर, भाईंदर पूर्व
१२ ऑगस्ट २००४, गुरुवार

आज भाषाशास्त्राच्या तासाला मॅडमनी मला उभं करून ‘प्लेजर’, ‘मेजर’ म्हणायला लावलं. मी म्हटलं तसं, ‘ज’ सकट, त्यांनी उच्चाराच्या चिन्हांत फळ्यावर लिहिलं आणि शेजारी इंग्रजांचा, ‘झ’कडे झुकणारा उच्चार लिहिला. “कुठलीच भाषा चूक नसते, वेगळी असते,” म्हणाल्या. मग, “पुन्हा म्हण, मागच्यांना ऐकू आलं नाही.” मागचे तर कधीचे हसत होते. “परीक्षेला येईल, उतरवून घ्या.” सगळ्यांनी फळ्यावरचा माझा उच्चार उतरवून घेतला. मीही घेतला, खाली रेघ मारून. रेघ कशाला मारली?

तास संपल्यावर म्हणाल्या, “उद्या बी डिव्हिजनलाही ये. इतका चांगला नमुना मिळत नाही.”

घरी एवढंच सांगितलं, उद्या दुसऱ्या वर्गावर बोलावलंय. आई लगेच शेजारच्या भाभींना, “हमारे पोरी को मॅडमने सिखाने को बुलाया!” माझ्या ड्रेसला इस्त्री करून झाल्यावर म्हणाली, “काय शिकवणार ते मला म्हणून दाखव ना गं.”

मी म्हटलं. तिने हुबेहूब माझ्यासारखं म्हटलं आणि हसली. “एवढंच? हे तर मलापण येतं.”

उद्या फळ्यावर तिचंही बोलणं लिहिलं जाणार. न जावं, तर तिला काय सांगू?