तेल पाजलेली काडतुसं

बदनापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज आम्हा बँकेच्या गार्ड लोकांचा वर्षाचा गोळीबाराचा सराव होता, म्हणून जालन्याला गेल्तो. माझी पाळी आली, दुनळी बंदुकीचा घोडा दाबला, नुस्तं 'टक्'. दुसऱ्या नळीचंही तेच.

सराव घेणारे उस्ताद जुने फौजी. त्यांनी काडतूस काढून वास घेतला. "कोणतं तेल?"

"शिलाई मशीनचं. रोज सकाळी."

खोबरेल थंडीत गोठतं, इंजिन ऑइलला धूळ चिकटते, म्हणून बायकोच्या मशीनचं पातळ तेल मीच शोधून काढलं. केवढी ऐट होती त्याची!

"तेल बराबर हाय," उस्ताद म्हणाले, "पण रोज कशाला पाजता? काडतुसात मुरलं ते. बार मेला."

ही काडतुसं नळीत कधीपासून होती? गेल्या साली सराव चुकला होता; दोन दिवाळ्या तरी झाल्या. म्हणजे तेवढे दिवस मी दारात काठी घेऊनच उभा होतो. चोर आले असते तर? टक्.

नवी काडतुसं घातली, बँकेत कुणाला कळलं न्हाई. सांगावं का? कॅशियर बाई रोज आत जाताना म्हणतात, "काका, तुम्ही दारात आहात म्हणून घोर न्हाई."

उद्याही म्हणतील. मी रोजच्यासारखी मान हलवीन.