राजवाड्यात दोन दिवस

शरण्या,

विठ्ठलाची आण, ह्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुझ्या लग्नाच्या सहलीला ठेवलेले हॉलिडे क्लबाचे सगळे पॉइंट मी संपवले. रागावू नको गं. आजोबांस घेऊन तंजावरच्या राजांचा थाट केलेल्या त्या महागड्या हॉटेलात दोन दिवस जाते. तिथे नोकर पगडी घालून मुजरा करतात, हत्ती सोंडेने कॉफी देतो. सगळेच सोंग घेतात, म्हणून आजोबांनी मज "तू कोण बाई?" विचारलं, तर कोणी कीव करणार नाही. मी सांगेन, "राणी."

त्यांच्या गोळ्या बरोबर घेतल्या. तुझ्या कॉफीचं डिकॉक्शन फिल्टरात आहे. निघताना त्यांनी मज माझ्या नावानं, "वसंता, चल" म्हणून हाक मारली.

— आजी

हत्ती खरा आहे. हाक तेवढी मी रचली.